मोठ्या बाईंना सांगून ठेवलं होतं

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट उतरलं होतं, की शाळेच्या फाटकातून रस्त्यापलीकडचं किराणा दुकान दिसत नव्हतं. त्याचा दिवा तेवढा पिवळा डाग पडल्यासारखा दिसत होता. मोठ्या बाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी गच्चीवरची पाण्याची टाकी भरली आहे का ते पाहिलं, मुलींच्या संडासाची कडी पुन्हा निखळली होती ती दगडाने ठोकून तात्पुरती बसवली, आणि मफलर कानांवरून गुंडाळून फाटकात येऊन उभ्या राहिल्या. धुक्यातून मुलं आधी आवाजाने येत होती, मग दप्तराने, आणि तोंडं दिसायची ती पार जवळ आल्यावर.

त्यांच्या खोलीबाहेर मुख्याध्यापिका अशी पाटी होती, पण तो शब्द पाटीवरून कधी खाली उतरला नाही. मुलं, आया, भाजीवाली, पोस्टमन, सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. अंगाने त्या एवढ्याशा. वरच्या वर्गातली एखादी उंच मुलगी शेजारी उभी राहिली, तर परक्या माणसाने मुलीलाच नमस्कार करावा. यावरून नवरा घरी त्यांची थट्टा करायचा. खुर्चीवर बसल्या की पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि म्हणे मोठ्या.

फाटकात उभं राहणं हे त्यांच्या मते शाळेचं निम्मं काम होतं. पोर जे तोंड घेऊन आत येतं तेच दिवसभर फळ्याकडे बघत बसतं, असं त्या नव्या शिक्षकांना सांगत. प्रत्येक मुलाला नावाने हाक, आणि नावापाठोपाठ घरातलं काहीतरी. आजोबांचा खोकला थांबला का, मांजरीला पिल्लं झाली का, काल डबा तसाच परत का नेलास. एखादं पोर मान खाली घालून आलं, तर त्याला वर्गात न पाठवता म्हणायच्या, चल, माझे खडू निवडायचे आहेत. तुटके या डब्यात, अख्खे त्या डब्यात. निवडता निवडता पोर बोलायला लागायचं. त्या शाळेत खडू जेवढे निवडले गेले, तेवढे फळ्यावर झिजले नसतील.

एखादा शिक्षक आला नाही, तर त्याचा वर्ग त्या स्वतः घेत. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारत नसत. नवीन शिक्षक आला की पहिले काही दिवस त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन बसत. तास संपला की त्याला एकच गोष्ट सांगत. दहा दिसल्या असतील, पण सांगायची एक. बाकीच्या उद्या. एका दिवसात माणूस एकच चूक घरी नेऊ शकतो, जास्त दिल्या तर वाटेत टाकून देतो, हे त्यांचं म्हणणं.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बाहेर झाकायचं, आत सांगायचं. आता उपमुख्याध्यापक झालेले गणिताचे सर पहिल्या वर्षी इतके घाबरट होते, की फळ्यावर अख्खं उदाहरण चुकीचं सोडवून पोरांकडून उतरवून घेतलं होतं. एका मुलाचे वडील भांडायला आले. मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं की ती रीत मीच दाखवली होती, चूक माझी. वडील पुटपुटत गेले. मग दार लावून त्यांनी सरांना खडू दिला आणि ते उदाहरण चार वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवायला लावलं. सरांच्या सदऱ्याला घामाने खडूची पावडर चिकटली होती. त्या दिवसापासून हा माणूस बाईंसाठी विस्तवावरून चालला असता. एकटा तोच नाही. शिक्षकांच्या खोलीत बसणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा बाईंच्या पाठीमागे झाकला गेला होता.

दुसरा नियम बाहेर कुणाला माहीत नव्हता. घरोघरची दुःखं बाई कागदावर उतरवत नसत. फार पूर्वी एका मुलाचे वडील तुरुंगात असल्याचं कुणीतरी त्याच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला, तिथून कुणाच्या तरी पोराने वाचला, आणि आठवडाभरात तो मुलगा शाळा सोडून गेला. तेव्हापासून बाईंच्या खोलीत दार लावून जे सांगितलं जाई, ते बाईंच्या डोक्यात राही. डोकं कुणी चोरून वाचत नाही, असं त्या म्हणत. आणि डोकंही तसंच होतं. आधी आई, मग लेक, अशा दोन पिढ्यांच्या तक्रारी त्यात न मिसळता राहत.

अशा त्या डोक्याला कुठेतरी बारीकसं भोक पडलं होतं.

सुरुवात नावांपासून झाली. फाटकात पोर समोर आलं की बाईंचं तोंड उघडायचं आणि नाव यायचं नाही. हे पहिल्यांदा हेरलं फाटकावरच्या मामांनी. शिपाई म्हणून त्यांचा जन्म त्या फाटकात गेला होता. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोर दहा पावलांवर असतानाच ते त्याच्या नावाने ओरडायला लागले, अरे सावकाश, बूट बघ, पडशील. नाव ऐकलं की बाई पुढचं बोलत. मामांना अचानक पोरांच्या बुटांची एवढी काळजी का वाटायला लागली, असं एका शिक्षिकाबाईंनी हसत विचारलं, मामांनी नुसतं बघितलं, आणि मग त्या बाईही हसायच्या थांबल्या. हळूहळू सगळेच त्यात आले. प्रार्थनेच्या वेळी गणिताचे सर बाईंच्या मागे उभे राहून पुढचं वाक्य हळूच पुरवत. बैठकीत बाईंनी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, तर सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे माना डोलावत. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललंही नव्हतं. बाईंनीच शिकवलेलं होतं ते. बाहेर झाकायचं. आत सांगायचं तेवढं राहून गेलं, कारण आत बसणाऱ्या बाईच होत्या. त्यांना त्यांच्याच खोलीत जाऊन कोण सांगणार?

याच दिवसांत एका दुपारी, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी एक बाई मोठ्या बाईंना भेटायला आली. तिची मुलगी दुसरीत होती. पुढचे दोन दात एवढे मोठे, की वर्गाने तिचं नाव खारूताई ठेवलं होतं, आणि तिलाही ते आवडायचं. आईने दार लावून घेतलं. बोलली ती एवढंच, की नवऱ्याचा मार असह्य होऊन ती पोरीला घेऊन वेगळी राहायला गेली आहे, कोर्टात अर्ज केला आहे, त्याचा निकाल व्हायचा आहे. नवरा म्हणतो पोरगी उचलून नेईन, मग बघतो तू कशी येत नाहीस ते. मोठ्या बाई, काही झालं तरी त्याच्या हातात पोरगी देऊ नका.

बाईंनी तिला पाणी दिलं आणि शब्द दिला. ती गेल्यावर सर खोलीत आले, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "आजपासून खारूताईला सुटताना मी स्वतः आईच्या हातात देणार." का, ते सांगितलं नाही. सरांनी विचारलंही नाही. बरेच दिवस बाईंनी तसं केलं. शाळा सुटली की पोरीचं बोट धरून फाटकात उभ्या राहायच्या. मग एक दिवस त्या खोलीतच बसून राहिल्या. खारूताई एकटीच फाटकाशी आईची वाट बघत उभी होती. सरांनी ते पाहिलं. मनात आलं, जाऊन आठवण करावी. पण आठवण करायची म्हणजे तुम्ही विसरलात असं तोंडावर सांगायचं. ते मामांना म्हणाले, हिच्याकडे जरा लक्ष ठेवा, आणि आत गेले.

धुक्याच्या त्या दिवशी दुपारची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरले होते. संडासाच्या कडीसाठी सुताराला आणायला बाईंनी मामांनाच पाठवलं होतं. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचे कपडे, केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर संकोच.

"मोठ्या बाई, ओळखलंत का मला?"

अलीकडे हा प्रश्न कुणी विचारला की बाई आधी हसून वेळ काढायच्या. पण या वेळी चेहरा दिसला आणि त्याच्यामागून सगळं धावत आलं. खिडकीजवळचा तिसरा बाक. पाढे म्हणताना बाकावर बोटांनी ताल धरणारा मुलगा. एकदा पावसात बूट भिजले, म्हणून याला आपण आपल्या खोलीत बसवून घेतलं होतं, आणि तो आपल्या खुर्चीतच झोपून गेला होता. बाईंनी त्याला नावाने हाक मारली. आडनावासकट. त्यांना एवढा आनंद झाला, की त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. किती दिवसांनी एक माणूस त्यांना अख्खा आठवला होता.

तो म्हणाला, दुसरीतली खारूताई माझीच, तिची आजी आजारी आहे, तिला बघायचा ध्यास घेतलाय, आज जरा लवकर नेतो. वेळेआधी मूल सोडायचं तर मोठ्या बाईंचा शब्द लागे, आणि तो शब्द तिथेच उभा होता, आनंदात. त्या स्वतः दुसरीच्या वर्गात गेल्या, खारूताईला दप्तरासकट घेऊन आल्या. बापाला पाहून पोरगी थांबली. तिने बाईंचं बोट मुठीत घट्ट धरलं.

"आई येणार आहे ना मला घ्यायला?"

"अगं, बाबाच तर आलेत. जा," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच तिची मूठ सोडवली.

संध्याकाळी आई आली तेव्हा सगळी शाळा रिकामी झाली होती. मामा परत आलेले होते, सुतार कडी बसवून गेला होता. पोरगी कुठे आहे, असं आईने मामांना विचारलं, मामांनी सरांना, सरांनी बाईंना. वडील घेऊन गेले, बाई सहज म्हणाल्या, आपल्या शाळेतलाच मुलगा तो, फार गुणी होता.

आईने खोलीच्या दाराची चौकट धरली. "मोठ्या बाई, मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ज्याची आपल्याशी कधीच गाठ पडली नाही, अशा माणसाकडे बघावं तसं पाहिलं. चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. आईने ते पाहिलं आणि ती जोरात रडायचीसुद्धा विसरली. सर दोघींच्या मधे आले. म्हणाले, चला, आधी पोलिसांत जाऊ. झाकायची सवय अशी, की त्या घटकेलाही त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर बाई आईला दिसणार नाहीत असे उभे राहिले.

पोरीच्या बापाच्या घराला कुलूप होतं. कामावर तो दोन दिवसांपासून गेला नव्हता. आठवडा गेला आणि वकिलाकडून त्याचा निरोप आला, की मुलगी माझ्या बहिणीकडे दुसऱ्या शहरात सुखरूप आहे, बापाने लेकीला नेणं हा गुन्हा नाही. आणि शाळेला जर माझ्याबद्दल एवढी भीती घालून ठेवली होती, तर मुख्याध्यापिकेने स्वतः हाताला धरून मुलगी माझ्याकडे कशी दिली? बायको आज मागाहून रचून सांगते आहे. तिने आधी कुणाला काही सांगितलेलंच नाही.

आता सगळं त्या एका गोष्टीवर येऊन अडलं. सांगितलं होतं की नव्हतं. कागदावर काही नव्हतं. खोलीचं दार बंद होतं. ऐकणारं माणूस एकच, आणि पोरगी परत मिळण्याची आशा त्याच माणसाच्या जिभेवर.

संस्थेचे सचिव मोटारीतून उतरले तेच घाम पुसत. ते वाईट माणूस नव्हते; शाळेला छप्पर त्यांनीच मिळवून दिलं होतं. त्यांनी बाईंना विचारलं, तुम्हाला तिने सांगितल्याचं आठवतं का? बाई म्हणाल्या, नाही. सचिवांनी सुटकेचा निःश्वास सोडला. म्हणाले, मग शिक्षण खात्याची चौकशी होईल, तिच्यात एवढंच सांगा, आठवत नाही. खोटं कुठे बोलायचंय तुम्हाला? तुमची एवढ्या वर्षांची इज्जत राहील, शाळाही अडकणार नाही. शिक्षकांच्या खोलीतही हेच चाललं होतं. बाईंनी आम्हाला आयुष्यभर सांभाळलं, आता आमची पाळी, असं एकजण म्हणाला आणि कुणी त्याला अडवलं नाही. गणिताचे सर खिडकीशी उभे होते. ते बाहेर फाटकाकडे बघत होते.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा ओट्याशी उभा राहून भांडी घासत होता. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून नळाजवळची सगळी कामं त्याने आपल्याकडे घेतली होती. म्हणायचा, खातं सुटलं पण नळ सुटत नाही. बाई मफलर न काढता त्याच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मी विसरते का हो?"

तो म्हणाला, "माझा वाढदिवस तू कधी लक्षात ठेवला होतास?"

त्या हसल्या नाहीत. त्याने नळ बंद केला. पाठ फिरवूनच उभा राहिला. गॅस हल्ली मीच बंद करतो, तो म्हणाला. तू कामाला गेलीस की मागून येऊन दार तपासतो. परवा तू तुझ्या आईला फोन लावायला बसली होतीस. आई जाऊन किती वर्षं झाली ते तुला सांगवेना, म्हणून फोन बिघडलाय म्हणालो.

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून असेल."

"आणि शाळेत माहीत आहे?"

त्याने होकाराची मान डोलावली. मामा येऊन सांगून गेले होते, तो म्हणाला, दोघांनी मिळून ठरवलं, तुला कळू द्यायचं नाही. बाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्या आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होत्या. ते बोट सोडवल्याचं त्यांना आठवत होतं. एवढं सगळं गळून गेलं होतं, पण ती मूठ, तिची ओलसर पकड, एकेक बोट उकलताना पोरीने वर पाहिलेलं, हे जसंच्या तसं होतं. आईने काय सांगितलं ते जाऊन हे राहावं, याला काय म्हणायचं ते त्यांना कळेना.

चौकशी शाळेतच झाली. दुसरीच्या वर्गात, कारण तिथे खिडकीतून ऊन येत होतं आणि बाकीच्या खोल्या गारठलेल्या होत्या. चौकशी अधिकारी एक मध्यम वयाची बाई होती. लहान बाकावर अवघडून बसली होती. एका बाजूला पोरीची आई, एका बाजूला सचिव, भिंतीशी शिक्षक. सचिवांनी विचारलं होतं तेच अधिकारी बाईंनी विचारलं.

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. वर्गात बोलायचं तर त्या बसून बोलत नसत.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. सचिवांनी मान डोलावली. "पण मला काल दुपारी काय जेवले तेही आठवत नाही. शाळेतल्या मुलांची नावं आठवत नाहीत. माझं डोकं आता भरवशाचं राहिलेलं नाही, आणि हे माझ्याशिवाय इथे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मला आठवत नाही, म्हणून ही बाई खोटं बोलते असं धरू नका. या शाळेत दार लावून जे सांगितलं जातं ते मी लिहू देत नाही. तो नियम माझाच. कागद असता तर आज हिला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं."

सचिव उठायला गेले, आणि पुन्हा बसले. बाईंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. नाव शोधत असाव्यात. ते आलं नाही, तेव्हा त्यांनी नुसतं "सर" म्हटलं.

"सर, तुम्ही बाजूच्याच खोलीत बसता. काही पाहिलं असेल, ऐकलं असेल. सांगा. आज झाकू नका."

गणिताचे सर भिंतीपासून एक पाऊल पुढे आले. मग ते बोलले. ही बाई आली होती, दार लावलं होतं, डोळे पुसत बाहेर पडली होती. त्यानंतर बाईंनी मुलीला स्वतः आईच्या हातात द्यायचं ठरवलं होतं, तसं तोंडाने सांगितलं होतं, बरेच दिवस केलंही होतं. मग त्या विसरल्या. हे मी पाहिलं, सर म्हणाले. मी पाहिलं आणि आठवण केली नाही. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मामा दाराबाहेरून म्हणाले की बोट धरून उभ्या राहायच्या ते मीही पाहिलंय, लिहा.

अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं. बाहेर पडताना पोरीची आई मोठ्या बाईंसमोर थांबली. तिच्या बोटांना सुयांचे जुने टोचे होते. त्या बोटांत ती पिशवीचा बंद पिळत होती.

"तुम्ही खरं बोललात, म्हणून मी आभार मानावेत असं सगळ्यांना वाटत असेल," ती म्हणाली. "मला जमणार नाही, मोठ्या बाई."

"मानू नकोस," बाई म्हणाल्या.

किल्ल्यांचा जुडगा त्यांनी त्याच दुपारी सरांच्या टेबलावर ठेवला. सर नको नको म्हणत राहिले. लहान मुलासारखं म्हणाले, तुम्ही नुसत्या फाटकात उभ्या राहा, बाकी सगळं आम्ही बघतो. बाईंनी त्यांना समोर बसवलं. नवीन शिक्षकाला तास संपल्यावर सांगत, तसं सांगितलं, आणि एकच गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "तुम्हाला माझ्यापाशी यायला भीती वाटली नसती, तर ती पोरगी आज वर्गात असती. मी तुम्हा सगळ्यांना पोटाशी धरलं आणि त्यालाच शाळा चालवणं समजले. तुमच्यानंतर येणाऱ्याला तुमची चूक तोंडावर सांगता येईल, असं काहीतरी करा. कसं करायचं ते मला माहीत नाही. मी केलेलं नाही." मग त्या उठल्या आणि मामांना न भेटता मागच्या दाराने गेल्या. मामा संध्याकाळपर्यंत पुढच्या फाटकात उभे होते.

सरांनी नंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. मुलाला कुणाच्या हातात द्यायचं हे आता लिहून कुलपात ठेवलं जातं आणि ते निदान दोघांना माहीत असतं. महिन्यातून एकदा शिक्षक सरांच्या खोलीत बसून सरांचं काय चुकलं ते त्यांना सांगतात. पहिल्या बैठकीत सगळे चहाच्या कपात बघत राहिले होते, शेवटी चहा घेऊन आलेले मामाच म्हणाले की तुम्ही फार पुटपुटता, मागच्या बाकावर ऐकू येत नाही. फाटकात सरही उभे राहतात. नावं त्यांना येतात. नावापाठोपाठचं येत नाही.

कोर्टात त्या साक्षी उपयोगी पडल्या. आईचं म्हणणं मागाहून रचलेलं नव्हतं, एवढं मान्य झालं. पण तारखा पडत गेल्या, कधी त्याचा वकील आजारी, कधी बहिणीने घर बदललेलं. खारूताई आईकडे परत आली तेव्हा पुन्हा थंडी सुरू झाली होती. तिकडे तिला कुणी मारलं नव्हतं, असं ती म्हणाली. आई तुला टाकून गेली, एवढंच रोज सांगितलं जायचं. आईने तिला त्या शाळेत पुन्हा घातलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं.

एके दिवशी मोठ्या बाई नवऱ्याबरोबर औषधं आणायला निघाल्या होत्या. आता त्या एकट्या बाहेर पडत नसत. औषधांच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे दोघी मायलेकी उभ्या होत्या, आई कसली तरी पिशवी खांद्यावर सारखी करत होती. नवऱ्याने ओळखलं आणि बाईंचा दंड धरून त्यांना वळवायला गेला. पण बाईंनी पाहिलं होतं. पोरीचं नाव त्यांना आलं नाही. ती कोण, हे मात्र त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मुलगी उंच झाली होती. तिची नजर इकडे वळली आणि ती बाईंवर थांबली. मग ती एक पाऊल मागे सरकली, आणखी एक, आणि आईच्या पाठीमागे गेली. दोन्ही हात तिने मागे, पाठीशी नेले.

आईने वर बघितलं. बघून ओळख दिली नाही, की तोंडही फिरवलं नाही. लेकीला पुढे घेतलं आणि दोघी गर्दीतून चालू लागल्या. बाई उभ्या होत्या. हाक मारावी म्हणून त्यांचे ओठ उघडले होते. नवरा शेजारी होता. नाव त्याला माहीत होतं. त्याने ते पुरवलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी मफलर खुंटीला लावला आणि मोरीत भिजत घातलेली चादर बघायला गेल्या. चादर जाड होती, पाणी पिऊन जड झालेली. नवरा म्हणाला, राहू दे, मी पिळतो. एकट्याने पिळून पाणी निघत नाही, बाई म्हणाल्या, ते टोक धरा. त्याने टोक धरलं. त्यांनी दुसरं धरलं आणि उलट्या बाजूने पीळ द्यायला सुरुवात केली.